पंखा, मोटारबोटीचा : झीज व दुरुस्ती

होडीच्या मागच्या फळीला अडकवलेल्या आउटबोर्ड इंजिनाचा पंखा झिजला, की बोट जड चालते आणि पेट्रोल जास्त खाते. उज्जैनमध्ये या झिजेचे कारण समुद्रकाठापेक्षा निराळे आहे. रेल्वे आणि बसची वर्दळ असलेल्या देवास गेटपासून पश्चिमेला, रामघाटाशी क्षिप्रा वाहते. तिचे पाणी उन्हाळ्यात इतके आटते, की सिंहस्थासाठी तिला नर्मदेशी जोडावे लागले. अशा उथळ पात्रात वाळूने पात्याची कड बोथट होते, घाटाच्या बुडालेल्या पायरीवर आपटून पाते वाकते आणि निर्माल्यातला दोरा दांड्याला गुंडाळून आतले सील कापतो. या तिन्ही इजांवर वेल्डिंग हा एकच उपाय करणे चूक आहे. गेलेला धातू भरला म्हणजे पंखा दुरुस्त झाला असे नाही. पात्यांचा पीळ आणि तोल परत यायला हवा.

याचा पुरावा इंजिनाच्या फेऱ्यांत मिळतो. पंखा एका फेऱ्यात तत्त्वतः जितका पुढे सरकतो त्याला पिच म्हणतात. पिच एक इंचाने बदलले, तर पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला साधारण १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा वाकही इंजिनाला जाणवतो. मात्र फेरे वाढले म्हणजे पातेच झिजले असे नाही. मधला रबरी हब घसरला तरी हेच होते. हबच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावर मिळून एक आडवी रेघ ओढावी आणि बोट जोरात चालवावी; रेघ तुटलेली दिसली, तर पात्यांना हात लावायचे कारणच नाही. बारीक खाच कानशीने घासून गुळगुळीत करता येते. वाकलेले पाते मात्र साच्यावर सरळ करावे, नंतर पंखा तोलून पाहावा. ॲल्युमिनिअम वितळण्याआधी लाल होत नाही, त्यामुळे लोखंडाला सरावलेल्या हाताकडून ते सहज बिघडते.

नवा पंखा घेणेच सोपे, असे म्हटले जाते. पात्याच्या मुळाशी तडा असेल किंवा पाते पातळ झाले असेल, तेव्हा ते खरेच आहे. एरवी नव्याचा खर्च वाया जातो. पोलादी पंख्याचा आग्रहही उथळ पाण्यात तपासून घ्यावा. पोलाद कमी झिजते, पण धक्का गिअरपर्यंत जास्त पोचवते. ॲल्युमिनिअमचे पाते स्वतः वाकून तो धक्का बराचसा झेलते. बोट हळू चालते, थोडी थरथर चालेल, हा आक्षेप सर्वांत घातक आहे. तोल गेलेला पंखा बेअरिंग आणि सील खातो. मग गिअरच्या तेलात पाणी शिरते आणि तेल दुधाळ होते. तसे तेल दिसल्यास आधी सील बदलावे. पंखा परत बसवताना दांड्याला ग्रीस आणि नटाला नवी स्प्लिट पिन घालावी, आणि पूर्ण थ्रॉटलचे फेरे इंजिनाच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहावेत.