हळदीला बी का धरत नाही?

सांगली-साताऱ्याकडे हळदीच्या लागणीसाठी कोणी बी पेरत नाही. बेणे म्हणून राखून ठेवलेले जेठे गड्डेच लावतात. हळदीला फुले येतात, पण बी क्वचितच धरते. असे का? याचे उत्तर गुणसूत्रांच्या मोजदादीतून मिळाले.

हळदीची गुणसूत्रे अतिशय लहान असतात. त्यामुळे सुरुवातीच्या संशोधकांचे आकडे जुळत नव्हते. कोणी 62 सांगे, कोणी 64. 1961 मध्ये के. रामचंद्रन यांनी ती 63 असल्याचे दाखवले. निम्मी गुणसूत्रे मातेकडून व निम्मी पित्याकडून येत असतील, तर बेरीज विषम कशी? याचा अर्थ असा, की येथे 21 गुणसूत्रांचे दोन नव्हे, तीन संच आहेत. हळद त्रिगुणित आहे.

कंद वाढताना याची अडचण होत नाही. सूत्री विभाजनात प्रत्येक गुणसूत्राची प्रत बनते आणि दोन्ही नव्या पेशींना 63 गुणसूत्रे मिळतात. अर्धगुणसूत्री विभाजनात मात्र सजातीय गुणसूत्रांच्या जोड्या जमाव्या लागतात. तिघांपैकी एक एकीकडे जाते, दोन दुसरीकडे. अशी 21 त्रिकुटे आहेत आणि प्रत्येकाची वाटणी स्वतंत्रपणे होते. वर्गात 21 नाणी उडवून पाहा. सर्व छापे किंवा सर्व काटे पडण्याची शक्यता सुमारे साडेदहा लाखांत एक! पूर्ण संच मिळण्याची शक्यताही ढोबळमानाने तेवढीच.

अपुरा संच का चालत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी 1902 मध्ये दाखवले होते. सी-अर्चिन या सागरी प्राण्याच्या अंड्यात दोन शुक्रपेशी शिरल्या, की गुणसूत्रांची वाटणी असमान होते व बहुतेक गर्भांची वाढ बिघडते. गुणसूत्रे किती आहेत एवढेच महत्त्वाचे नसते. प्रत्येक प्रकारचे योग्य प्रमाणात असावे लागते. हळदीचे बरेच परागकण याच असमतोलामुळे वांझ ठरतात.

शेतकऱ्याला याची किंमत मोजावी लागते. एकाच वाणाच्या बेण्यापासून वाढलेले शेत आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकसारखे असते. कंदकुजीसारखा रोग एका रोपाला जडला, तर शेजारच्या रोपाकडेही वेगळी प्रतिकारशक्ती नसते. संकराने नवी जात काढणेही अवघड. म्हणूनच सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथील केंद्राने ‘कृष्णा’ ही जात कंदांच्या निवडीतून तयार केली.

तरीही थोडाफार असमतोल सोसून एखादे बी धरतेच. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने अशा बियांच्या रोपांतून ‘प्रभा’ व ‘प्रतिभा’ या जाती निवडल्या. बियांपासून वाढलेल्या रोपांची गुणसूत्रे मोजली, तेव्हा सर्वांत ती 63 भरली नाहीत. हळदीत नवे वैविध्य येण्याची एक वाट या दुर्मिळ बियांतून जाते.