टेंबलाईचा रुसवा आणि एक कोहळा

बाजारातल्या कोहळ्याच्या अंगावर राखेसारखी पांढरी भुकटी असते. हात लावला की बोटांना लागते. एरवी आपण त्याचा पेठा करतो, सांडगे घालतो, वास्तुशांतीनंतर दारावर टांगतो. कोल्हापुरात मात्र वर्षातून एक दिवस हे फळ दैत्य होतं. अश्विन शुद्ध पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर गुरव घराण्यातली एक लहान मुलगी हातात त्रिशूळ घेते आणि कोहळा भेदते. पुढच्याच क्षणी त्याच्या तुकड्यांसाठी माणसांची अशी झुंबड उडते की पोलिसांना गर्दी आवरता आवरत नाही. ललिता पंचमीला कोल्हापूरकर कोहळा पंचमी म्हणतात ते यामुळेच.

या कोहळ्याची कुळकथा शोधायला मला माझ्या भाच्याने लावलं. रोज रात्री तो मित्रांबरोबर ऑनलाइन खेळ चालवतो. कुणी देव होतं, कुणी वीर, कुणी दैत्य. हा गोष्ट पुढे नेतो, नियम सांभाळतो, भांडणं मिटवतो. नव्या डावासाठी त्याला आपल्याच गावची कथा हवी होती. मी त्याला त्र्यंबोलीची, म्हणजे आपल्या टेंबलाईची कथा सांगितली. ती ऐकून त्याने विचारलं, "मामा, पण ही अंबाबाईच्या बाजूची की विरुद्ध बाजूची? खेळात तिला कुठं ठेवू?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही.

सुरुवात नावापासून करू. संस्कृतातल्या कूष्मांडाचं प्राकृतात कोहंड झालं आणि मराठीत कोहळा. अंबाबाईने मारलेल्या कोल्हासूर दैत्याशी या शब्दाचं कुळाने काहीच नातं नाही, पण कानाला दोन्ही नावं जवळची वाटतात. शाक्त पूजेत पशूच्या जागी कोहळ्याचा बळी द्यायची रीत पूर्वापार आहे, त्यामुळे कोल्हासुराचं सोंग घ्यायला कोहळ्याइतकं सोयीचं फळ दुसरं नव्हतं.

गावाच्या नावाचीही अशीच गंमत आहे. शिलाहारांच्या कोरीव लेखांत हे गाव 'कोल्लापूर' म्हणून येतं. महालक्ष्मीच्या, म्हणजे अंबाबाईच्या, वरप्रसादाने राज्य मिळालं, असं हे राजे आपल्या बिरुदात अभिमानाने सांगत. पण गाव म्हणतं की मरताना कोल्हासुराने देवीकडे मागणं मागितलं, या क्षेत्राला माझं नाव असू दे आणि दरवर्षी मला कोहळ्याचा बळी मिळू दे. देवीने ते दिलं. म्हणजे अंबाबाईने युद्ध जिंकलं, पण आपण रोज पत्त्यावर नाव लिहितो ते हरलेल्याचं.

कथा इथे संपली असती तर टेकडी चढायचं कारण उरलं नसतं. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष सूड उगवायला उठला. त्याच्याकडे योगदंड होता. त्याच्या बळावर त्याने अंबाबाईसह सगळ्या देवांच्या शेळ्या-मेंढ्या केल्या. तेव्हा धावून आली ती त्र्यंबोली. तिने युक्तीने दंड मिळवला, कामाक्षाला मारलं आणि देवांना पुन्हा देवपण दिलं. पुढे विजयाचा सोहळा झाला, साऱ्यांना आवतण गेलं, फक्त त्र्यंबोलीला बोलवायचं राहिलं. ती रुसली आणि शहराकडे पाठ फिरवून टेकडीवर जाऊन बसली. अंबाबाईच्या लक्षात आलं तेव्हा ती सारा लवाजमा घेऊन स्वतः तिच्या दारी गेली. त्र्यंबोली म्हणाली, तू कोल्हासुराला कसं मारलंस ते मला दाखव. म्हणून कोहळ्याचा कोल्हासूर झाला आणि युद्ध पुन्हा एकदा झालं.

ते आजतागायत होतं आहे. पंचमीला अंबाबाईच्या मूळ मूर्तीची पूजा अंबारीत, हत्तीवर बसलेल्या रूपात बांधतात आणि उत्सवमूर्ती पालखीतून टेकडीकडे निघते. तुळजाभवानी आणि गुरुमहालक्ष्मी यांच्याही पालख्या निघतात. वाटेत शाहू मिल, टाकाळा असे विसावे होतात. लोक रांगोळ्या काढून वाट पाहत उभे असतात. टेकडीवर दोन्ही देवींची भेट होते, छत्रपती घराण्याच्या हस्ते कुमारिकेचं पूजन होतं आणि मग त्रिशूळ उचलला जातो. फुटलेल्या कोहळ्याचा तुकडा घरी आला की भरभराट होते, या श्रद्धेपोटी माणसं जिवाच्या आकांताने हात पुढे करतात.

या सोहळ्यात जो तो नेमून दिलेली भूमिका करत असतो. श्रीपूजकांचं काम गुरवांकडे जात नाही आणि मानकऱ्यांची जागा दुसरं कुणी घेत नाही. कुमारिका मोठी होते, मग त्याच घराण्यातली दुसरी मुलगी पुढे येते. माणसं बदलतात, भूमिका तीच राहते.

शिवाय टेंबलाईकडे वाट वळते ती वर्षातून एकदाच नव्हे. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की गल्ल्यागल्ल्यांतून कुमारिकांच्या डोक्यावर कलश चढतात, पुढे पी ढबाक वाजत असतं आणि ते नवं पाणी टेंबलाईच्या पायऱ्यांवर ओततात. आधी गाव जातं, मग नवरात्रात अंबाबाई जाते. जी एकदा विसरली गेली तिला आता कुणी विसरत नाही.

भाचा खेळतो त्या खेळाचं कूळ वेगळं. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. टेबलाभोवती बसून एकाने गोष्ट चालवायची आणि बाकीच्यांनी पात्रं व्हायचं, हा घाट त्यानेच घालून दिला. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी असंच एक जग संगणकावर उभं करायला घेतलं. त्यात अनेकजण एकाच वेळी शिरू शकत. आजच्या ऑनलाइन खेळांचा तो पूर्वज. १९८० साली 'डीटीज अँड डेमीगॉड्स' नावाचं पुस्तक आलं. त्यात जगभरच्या देवांना, आपल्याही देवांना, बळाचे आकडे दिले होते. अमुक देव किती घाव सोसेल, त्याचा मार किती, सगळं मोजून.

त्या आकड्यांत त्र्यंबोली बसत नाही. तिचं बळ अंबाबाईपेक्षा कमी की जास्त, हे कथेत कुणी विचारतच नाही. कथेला काळजी आहे ती मानाची. वैऱ्याला नाव दिलं की तो शांत होतो. आपलं माणूस दुखावलं तर मात्र पायी त्याच्या दारी जावं लागतं, आणि तेही एकदा जाऊन भागत नाही. कोल्हासूर एकदाच मेला. टेंबलाईची समजूत दरवर्षी काढावी लागते, आणि शेकडो माणसांचा हा खेळ तिच्या रुसव्यावरच टिकून आहे. देवांच्या चुरशीची गोष्ट चालवायची तर मारामारीच्या नियमांपेक्षा मानपानाचे नियम आधी ठरवावे लागतात, हे या गावाला केव्हाच कळलं होतं.

भाच्याला मी एवढंच सांगितलं, की तिला कुठल्याही बाजूला ठेवू नकोस. आठवड्याने त्याने त्याचा नवा नियम वाचून दाखवला. डावात टेंबलाईशी कुणालाच लढता येत नाही. दैत्य मारला तरी खेळाडूंचा विजय मोजला जात नाही. सगळ्यांनी मिळून टेकडी चढायची, झालेली लढाई तिच्यासमोर पुन्हा करून दाखवायची, आणि तिने तोंड वळवून पाहिलं की डाव पुरा.

"आणि एखादा खेळाडू खालीच राहिला तर?" मी विचारलं.

"मग परत खाली उतरायचं, मामा. त्याला घेऊनच वर जायचं."