रिचर्ड डेल सुताराची खिडकी

इंग्लंडच्या चेशायर परगण्यात लिटल मोर्टन हॉल नावाचा एक वाडा आहे. भोवती खंदक, मध्ये फरसबंद चौक आणि चौकाच्या कडेनं ओक लाकडाचे वाकलेले, पोट सुटलेले, एकमेकांवर रेललेले सोपे. प्रथम पाहणाऱ्याला वाटावं, हे आज ना उद्या कोसळणार. पण मोर्टन घराण्यानं सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधायला घेतलेला हा वाडा पाचशे वर्षं उभा आहे.

तो उभा आहे भिंतींवर नव्हे, लाकडी सांगाड्यावर. ओक ओला असतानाच कापायचा, कारण वाळला की तो हत्याराला दाद देत नाही. एका तुळईला भोक, दुसरीला त्यात बसणारी जीभ आणि दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी. जुळणी आधी जमिनीवर करून पाहायची, तुकड्यांवर खुणेचे आकडे कोरायचे, मग सारं सुटं करून जागेवर उभं करायचं. वाळताना लाकूड वाकडं होतं, पण सांधे आवळत जातात. मधल्या चौकटी काठ्यांच्या विणीवर माती, शेण आणि गवताचा लगदा लिंपून भरायची तिकडची जुनी रीत. कोकणातला आपला कूडच की हा!

चित्रांत दिसणारा काळा-पांढरा थाट मात्र व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. मुळात लाकूड बिनरंगाचं, रुपेरी करडं असे.

1560च्या सुमारास दक्षिणेकडच्या सोप्याच्या माथ्यावर 68 फूट लांबीचं दालन चढवलं गेलं. कशाला? तर पावसाळी दिवसांत फेऱ्या मारायला. वर छपरावर जड दगडी फरशा. खालचे मजले त्या ओझ्यानं वाकले. भिंती बाहेर फुटू नयेत म्हणून पुढे आडव्या तुळया घालाव्या लागल्या. हौस मालकाची, भार सांगाड्याला.

1640च्या दशकातल्या यादवीत मोर्टन राजाच्या बाजूनं होते. राजा हरला, घराणं कर्जात बुडालं, वाडा कुळांकडे गेला. 1847पर्यंत तर इथल्या प्रार्थनाघरात कोळसा साठवत होते. मला वाटतं, या गरिबीनंच वाडा वाचवला. पैसा असता तर मालकानं पाडून नव्या चालीचा बांधला असता. 1938मध्ये तो नॅशनल ट्रस्टकडे आला.

पण मला ओढ आहे ती चौकातल्या खिडक्यांची. 1559 साली विल्यम मोर्टननं त्या करवून घेतल्या, तसं वर कोरलेलं आहे. मालकाचं नाव असायचंच. नवल पुढे आहे. तिथेच दुसरा मजकूर सांगतो, की या खिडक्या रिचर्ड डेल सुतारानं देवाच्या कृपेनं केल्या. अभंगात नाममुद्रा असते, गझलेच्या मक्त्यात शायर आपलं नाव गुंफतो, तसा हा सुतार. इमारतीवर कारागिराचं नाव आपण कितीदा वाचलंय? डेलचं स्पेलिंग धड नाही, सुतार हा शब्दसुद्धा त्यानं कानाला आला तसा लिहिलाय. अक्षरं अजून वाचता येतात.