वखारीपासून भागीदारीपर्यंत

इतिहासाच्या ग्रंथांत लढायांना आणि तहांना जितकी पाने मिळतात, तितकी बाजाराला मिळत नाहीत. वास्तविक एखाद्या समाजाचे स्थान पारखायचे असेल, तर त्याचा माल त्याला कोठे, कोणाला आणि कोणत्या भावाने विकता येतो, हे आधी पाहावे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील मिकमाक या आदिवासी समाजाचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. मासेमारी आणि शिकार यांवर जगत आलेला हा समाज आपल्यासारखाच बहुसंख्येने कॅथलिक आहे. समुद्रावरचा आपला अधिकार त्याने ज्या वाटेने अंशतः परत मिळवला, ती वाट आम्हांला विचारप्रवर्तक वाटली. म्हणून हा लेखनप्रपंच.

मिकमाकांचा प्रदेश म्हणजे आजचा नोव्हा स्कोशिया प्रांत आणि त्याच्या आसपासचा किनारा. २४ जून १६१० रोजी, संत योहान बाप्तिस्ताच्या सणाच्या दिवशी, मेंबर्टू नावाच्या त्यांच्या वयोवृद्ध प्रमुखाने पोर्ट रॉयल येथे कुटुंबीयांसह स्नानसंस्कार स्वीकारला. त्या काळी आपल्या वसईच्या किल्ल्यावर पोर्तुगिजांचे निशाण फडकत होते. प्रभू येशूची आजी संत आन्ना ही या समाजाची आश्रयदाती. तिच्या सणाच्या निमित्ताने जुलै महिन्यात पोटलोटेक येथील बेटावर आजही यात्रेकरू जमतात.

व्यापार हा या लोकांना कोणी परक्याने शिकवलेला नाही. फ्रेंचांशी त्यांचा कातड्यांचा व्यवहार होता. साळिंदराच्या रंगीत काट्यांनी मढवलेल्या पेट्या आणि लाकडाच्या पातळ पट्ट्यांच्या टोपल्या विणून त्यांच्या स्त्रिया त्या गोऱ्या वसाहतवाल्यांना विकत असत. फ्रेंचांचा पाडाव झाल्यावर इंग्रजांनी १७६० आणि १७६१ साली मिकमाकांशी शांततेचे व मैत्रीचे करार केले. त्यांत एक कलम असे होते, की मिकमाकांनी आपला माल केवळ गव्हर्नरने नेमलेल्या वखारींतच विकावा, इतरत्र विकू नये. शत्रूशी त्यांचे संबंध राहू नयेत, हा इंग्रजांचा हेतू. वखारी थोड्याच वर्षांत बंद पडल्या. सरकारला करारांचा सोयीस्कर विसर पडला. मिकमाकांच्या घराघरांत मात्र आजोबांकडून नातवाकडे त्यांची आठवण चालत राहिली.

कायद्याचे कुंपण

१८७६ साली कॅनडाच्या संसदेने ‘इंडियन अ‍ॅक्ट’ संमत केला. आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या वस्त्यांतील मालमत्ता बाहेरच्या सावकाराला जप्त करता येऊ नये, अशी तरतूद त्यात होती. वरवर पाहता ती संरक्षणाची. परंतु जी जमीन गहाण पडू शकत नाही, तिच्यावर कोणती बँक कर्ज देणार? आदिवासीचे घर वाचले. त्याच घराच्या आधाराने दुकान काढण्याची किंवा होडी बांधण्याची वाट मात्र बंद झाली. पुढे १९२७ ते १९५१ या काळात आपल्या जमिनीच्या दाव्यासाठी सरकारी परवानगीवाचून निधी गोळा करणे हादेखील आदिवासींना गुन्हा ठरवण्यात आला होता.

केप ब्रेटन बेटावरील सिडनी या शहराच्या बंदराकाठी मिकमाकांची एक वस्ती होती. शहर वाढले, जागेला भाव आला आणि १९१६ साली न्यायालयाने ती वस्ती हलवण्याचा आदेश दिला. दहा वर्षांनी, १९२६ मध्ये, हे लोक पाण्यापासून दूर, आतल्या जागेत नेऊन वसवण्यात आले. हीच आजची मेंबर्टू वसाहत. १६१० साली स्नानसंस्कार घेतलेल्या त्या प्रमुखाचेच नाव तिने धारण केले आहे.

आम्हां कॅथलिकांना या इतिहासाचे आणखी एक पान उघडावे लागते. १९३० ते १९६७ या काळात शुबेनाकॅडी येथे सरकारने स्थापन केलेली निवासी शाळा कॅथलिक व्यवस्थापनाखाली चालत होती. आईबापांपासून तोडून आणलेल्या मुलांना तेथे स्वतःच्या भाषेत बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. ज्या हातांनी संत आन्नेची भक्ती दिली, त्याच संस्थेच्या छपराखाली हे घडले. पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२२ मध्ये कॅनडाच्या भूमीवर जाऊन निवासी शाळांतील या अन्यायाबद्दल आदिवासींची क्षमा मागितली.

वाम माशांचा खटला

मेंबर्टूतील डोनल्ड मार्शल हा सतरा वर्षांचा तरुण १९७१ साली एका खुनाच्या आरोपात सापडला. तो खून त्याने केला नव्हता. तरीही अकरा वर्षे त्याने तुरुंगात काढली. १९८३ मध्ये तो निर्दोष ठरला. वर्णद्वेषाने न्याययंत्रणा कशी पोखरली होती, हे पुढे चौकशी आयोगाने स्पष्ट शब्दांत नोंदवले.

याच मार्शलने ऑगस्ट १९९३ मध्ये पॉमकेट बंदरात ४६३ पौंड वाम पकडली आणि ७८७ डॉलर १० सेंटला विकली. परवान्यावाचून, बंदीच्या मोसमात मासेमारी केली म्हणून त्याच्यावर खटला भरला गेला. बचावासाठी १७६० च्या करारातील वखारीचे कलम पुढे आले. मिकमाकांनी आपला माल वखारीतच विकावा, असे ज्याने लिहून घेतले, त्याने विकण्याजोगा माल मिळवण्याचा त्यांचा हक्कही मान्य केला, असा हा युक्तिवाद होता. १७ सप्टेंबर १९९९ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताने स्वीकारला. मासेमारी करून ‘माफक उपजीविका’ मिळवण्याचा मिकमाकांचा करारसिद्ध अधिकार मान्य झाला. ज्या कलमाने त्यांना बांधून ठेवायचे होते, त्याच कलमाने दोनशे एकोणचाळीस वर्षांनी त्यांची गाठ सोडवली!

निकालाने शांतता मात्र आली नाही. शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात बर्न्ट चर्च येथे आदिवासींचे शेवंडीचे सापळे मोडण्यात आले आणि समुद्रावर सरकारी नौका व आदिवासींच्या होड्या समोरासमोर आल्या. ‘माफक उपजीविका’ म्हणजे किती, याचे माप न्यायालयाने ठरवून दिले नव्हते.

ग्राहक, भागीदार, मालक

मेंबर्टूने या निकालाआधीच घर सावरायला घेतले होते. १९८४ पासून टेरी पॉल हे तेथील प्रमुख. नव्वदच्या दशकात वसाहत तुटीत होती. त्यांनी बाहेर गेलेल्या सुशिक्षित तरुणांना परत बोलावले, हिशेब चोख केले आणि कारभाराच्या गुणवत्तेसाठी आंतरराष्ट्रीय आयएसओ प्रमाणपत्र मिळवले. वही स्वच्छ असली, तर दुसऱ्याच्या दारात मान खाली घालून उभे राहावे लागत नाही, हे त्यामागचे शहाणपण.

कर्जाचे कुलूपही उघडले. २००५ च्या एका कायद्याने आदिवासी समाजांची स्वतःची वित्तसंस्था उभी राहिली. अनेक समाज आपापले उत्पन्न एकत्र तारण ठेवतात आणि ती संस्था बाजारातून सर्वांसाठी कर्ज उभारते. एकट्याला जे मिळत नव्हते, ते अनेकांना मिळाले. पतपेढ्यांच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या वाचकांना हे तत्त्व समजावून सांगायला नको.

त्याच किनाऱ्यावर ‘क्लिअरवॉटर’ ही कंपनी होती. १९७६ साली शेवंडीच्या विक्रीपासून तिने आरंभ केला आणि पुढे शेवंड, स्कॅलप, खेकडे व खोल समुद्रातील शिंपल्यांच्या व्यापारात ती देशात अग्रेसर झाली. २०१९ साली तिने चौदा आदिवासी समाजांशी शिंपल्यांच्या मासेमारीसंबंधी पन्नास वर्षांचा भागीदारी करार केला. सप्टेंबर २०२० मध्ये मेंबर्टूने तिच्याकडून खोल समुद्रातील शेवंडीचे दोन परवाने अडीच कोटी डॉलरला विकत घेतले.

त्याच महिन्यात, मार्शल निकालाच्या एकविसाव्या वर्षदिनी, सिपेकनेकाटिक या मिकमाक समाजाने आपल्या सभासदांना स्वतःचे परवाने देऊन सोल्नियरव्हिल येथे शेवंडीची मासेमारी सुरू केली. गोरे मच्छीमार खवळले. सरकारी मोसम संपल्यावर पकडलेली शेवंड माशांचा साठा घटवील, अशी त्यांची भीती होती. त्या भीतीचे रूपांतर दांडगाईत झाले. १७ ऑक्टोबर रोजी मिकमाकांची शेवंड जेथे साठवली जात असे, ती एक इमारत जळून खाक झाली.

त्या राखेला महिनाही झाला नव्हता, तोच ९ नोव्हेंबर २०२० रोजी बातमी आली, की सात मिकमाक समाज आणि ‘प्रीमियम ब्रँड्स’ ही खाद्यउद्योगातील कंपनी मिळून क्लिअरवॉटर संपूर्ण विकत घेणार. सौदा सुमारे शंभर कोटी डॉलरचा, मालकी निम्मी-निम्मी. आदिवासी समाजांनी आपल्या सामायिक वित्तसंस्थेकडून पंचवीस कोटी डॉलर तीस वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ घेतले. जानेवारी २०२१ मध्ये व्यवहार पुरा झाला. बंदराकाठावरून उठवलेल्या वस्तीची नातवंडे खोल समुद्रात जाणाऱ्या जहाजांची अर्धी मालक झाली.

या यशाची दुसरी बाजू झाकण्याचे कारण नाही. कंपनीचे परवाने सरकारच्या व्यापारी नियमांखालचे आहेत. लहान होडी घेऊन किनाऱ्यालगत जाणाऱ्या मिकमाक मच्छीमाराच्या करारसिद्ध अधिकाराचा प्रश्न या खरेदीने सुटला नाही. मोठे कर्ज म्हणजे मोठी जोखीम, असेही त्या समाजातील काहींनी बजावले. हे आक्षेप खोटे नाहीत. तरीही, निर्णयाच्या टेबलावर आपली खुर्ची असणे आणि दाराबाहेर अर्ज घेऊन उभे राहणे, यांतला फरक दोन्ही अवस्था भोगलेल्या लोकांनाच विचारावा.

कॅनडाच्या सत्य व समेट आयोगाने २०१५ साली ९४ आवाहने केली. त्यांतील ९२ वे उद्योगजगताला उद्देशून आहे: आदिवासींच्या भूमीवर प्रकल्प आणण्याआधी त्यांची पूर्ण माहितीनिशी संमती घ्यावी, नोकरी-प्रशिक्षणाची न्याय्य संधी द्यावी, आणि विकासाचा टिकाऊ लाभ त्यांच्या समाजांना मिळावा. क्षमायाचना आणि व्यवहार यांची सांगड येथे घातली आहे. क्षमा मागितली आणि वखारीची किल्ली आपल्याच कमरेला ठेवली, तर ती क्षमा अपुरीच राहते.

आपल्या धर्मग्रामांतूनही आदिवासी बांधवांसाठी कपडे, औषधे, वह्या जातात. हे कार्य थोर आहे आणि ते चालावेच. मिकमाकांचा इतिहास त्यापुढचे प्रश्न विचारतो. वारली चित्र आपल्या भिंतीवर लागते, तेव्हा त्याचा भाव कोणी ठरवला? सणाच्या जत्रेत त्यांचा माल आपण मांडतो, तेव्हा गल्ल्यावर कोण बसते? आपल्या पतसंस्थेत त्यांचे खाते आहे काय, आणि असल्यास संचालकांच्या सभेत त्यांचा आवाज आहे काय? पुढील संत आन्नेच्या सणाला पोटलोटेकच्या त्या दूरच्या भाविकांची आठवण करताना, एवढे प्रश्न आपण आपल्या धर्मग्रामाच्या सभेत जरूर मांडावेत.