ग्योटिंगेन ते व्हाइटफील्ड

बंगळूरच्या पूर्वेला व्हाइटफील्ड वसलं ते १८८२च्या सुमारास. म्हैसूरचे महाराज चामराज वाडियार यांनी दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांनी शेतीवाडी करून राहावं, अशी ती योजना होती. तिच्यासाठी झटलेल्या डी. एस. व्हाइट यांचं नाव गावाला मिळालं. शंभरेक वर्षं ही वस्ती निवांत राहिली. मग निर्यात उद्योगांची वसाहत आली, आयटी पार्क आलं आणि २०००मध्ये जनरल इलेक्ट्रिकनं इथे जॉन एफ. वेल्च तंत्रज्ञान केंद्र उघडलं. व्हाइटफील्ड म्हटलं की लोकांना सॉफ्टवेअर आठवतं. पण या केंद्रात जेट इंजिनं आणि वीजनिर्मितीची गॅस टर्बाइन्स यांवरही काम चालतं. बंगळूरला ही विद्या नवी नव्हती.

गॅस टर्बाइनची अडचण त्याच्या रचनेतच आहे. कॉम्प्रेसर हवा दाबतो, तिच्यात इंधन जळतं, तापलेला वायू टर्बाइन फिरवतो आणि टर्बाइन पुन्हा कॉम्प्रेसरला फिरवतं. मिळालेल्या शक्तीतली निम्म्याहून जास्त शक्ती कॉम्प्रेसरच खाऊन टाकतो. तो जरा जरी गचाळ असला, तर बाहेर द्यायला काही उरत नाही. नॉर्वेच्या एगिडियस एलिंग यांनी १९०३मध्ये ११ अश्वशक्ती शिल्लक काढून दाखवली, तेवढ्यानंही इतिहास घडला. त्यांच्या कॉम्प्रेसरमधल्या काही स्थिर पात्यांचा कोन बदलता येत असे, हे विशेष.

पात्यांचं खरं गणित सुटलं ते विमानाच्या पंखामुळे. जर्मनीतल्या ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांनी पंखाभोवतीच्या हवेचा अभ्यास केला. कॉम्प्रेसरचं प्रत्येक पातं म्हणजे एक छोटा पंखच, असं धरून तिथल्याच बेट्झ आणि एन्के यांनी कॉम्प्रेसर घडवले. इंग्लंडमध्ये ग्रिफिथ यांनी १९२६मध्ये हाच विचार मांडला होता. एन्के यांचा आठ टप्प्यांचा कॉम्प्रेसर पुढे युमो ००४ या जेट इंजिनात बसला.

याच प्रांटल यांच्याकडे १९३६मध्ये डॉक्टरेट मिळवली कोल्हापूर जिल्ह्यातल्या विष्णू माधव घाटगे यांनी. परतल्यावर ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवू लागले आणि पुढे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीनं १९४०मध्ये उभारलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये, म्हणजे आजच्या एचएएलमध्ये, गेले. १९५१मध्ये उडालेलं एचटी-२ आणि १९६४चं किरण ही त्यांची विमानं. घाटगे विमानं घडवणारे, इंजिनं नव्हेत. तरी ग्योटिंगेनची वायुगतिकी बंगळूरला आणणाऱ्यांत त्यांचा मान मोठा आहे, आणि मराठी वाचकांना त्यांचं नाव फारसं ठाऊक नसावं, हे मनाला लागतं.

इंजिनाचं दुखणं मात्र कायम राहिलं. १९६१मध्ये उडालेलं मारुत हे लढाऊ विमान देखणं होतं, पण त्याला मिळालेलं ऑर्फियस इंजिन अपुरं पडलं. त्याच वर्षी गॅस टर्बाइनवरचं लष्करी संशोधन केंद्र कानपूरहून बंगळूरला आलं. तेच आजचं जीटीआरई.

तोवर जगात दुसरा प्रश्न पुढे आला होता. पाती एका ठरावीक वेगासाठी कापलेली असतात. इंजिन मंद चाललं की पुढच्या टप्प्यांत हवा पात्यांवर चुकीच्या कोनातून येते, प्रवाह पात्याला सोडतो आणि दाबलेली हवा धडाक्यानं उलटी फिरते. यालाच सर्ज म्हणतात. दाबलेली हवा वाटेतच सोडून देणं हा एक उपाय, पण त्यात केलेली मेहनत वाया जाते. जनरल इलेक्ट्रिकमध्ये गेरहार्ड नॉयमन यांनी स्थिर पातीच वळवायचं ठरवलं. प्रत्येक पात्याचा दांडा आवरणातून बाहेर येतो. त्याला एक छोटी तरफ असते आणि एका ओळीतल्या साऱ्या तरफा एकाच कड्याला जोडलेल्या असतात. इंधनाच्याच दाबावर चालणारा दट्ट्या कडं जरासं फिरवतो, की सारी ओळ एकदम कोन बदलते. १९५५मध्ये हवेत चाचणी झालेल्या जे-७९ इंजिनात १७ टप्पे होते. तोंडाशी असलेली पाती आणि पुढच्या सहा ओळी अशा वळत.

१९८९मध्ये मंजूर झालेल्या कावेरी इंजिनाच्या सहा टप्प्यांच्या मुख्य कॉम्प्रेसरलाही जीटीआरईनं वळणारी पाती दिली. इंजिन १९९६मध्ये प्रथम चाललं, २०१०मध्ये रशियात मालवाहू विमानावर उडालं. पण ज्या तेजस विमानासाठी ते बनवायचं होतं, ते २००१मध्ये उडालं जनरल इलेक्ट्रिकच्या एफ-४०४ इंजिनावरच.

विजेच्या कारखान्यात पात्यांचा हाच कोन पैसे वाचवतो. उरणला १०८ मेगावॉटच्या चार गॅस टर्बाइन्सची उष्णता वापरून १२० मेगावॉटचे दोन वाफेचे संच चालवण्याची सोय आहे. मागणी घटली की नुसतं इंधन तोडल्यास बाहेर पडणारा वायू थंडावतो आणि वाफेचा संच उपाशी राहतो. अशा जोडसंचांत तोंडाशी असलेली पाती मिटून हवा कमी केली, तर वायू गरम राहतो. दुपारी सौरवीज भरपूर आणि संध्याकाळी गायब, अशा दिवसांत ही सवड फार मोलाची. पूर्ण भारावर असे संच कुठवर पोचले होते, ते फ्रान्समधल्या बुशँ इथे २०१६मध्ये दिसलं. तिथे जनरल इलेक्ट्रिकच्या संचानं ६२.२२ टक्के कार्यक्षमता गाठली.

व्हाइटफील्डमध्ये असं काम करणारे हात आणि डोकी भारतीय आहेत, कंपनीच्याच चाकणमधल्या कारखान्यात जेट इंजिनांचे भागही बनतात. पण मालकी कंपनीची आहे. अख्खं इंजिन आपलं व्हायला कावेरीसारख्या कामामागे पैसा आणि धीर दोन्ही लावावे लागतील. बंगळूरला गेलात, तर व्हाइटफील्डच्या वाटेवर जुन्या विमानतळाजवळ एचएएलचं संग्रहालय लागतं. तिथे मारुत आहे, ऑर्फियसही आहे. तासभर काढून ते अवश्य पाहा.