वकट, लेंड आणि गहाळ पाच

मी बँकेत कारकून आहे. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण इतिहासावर लिहायला बसलेल्या माणसाकडे लोक आदराने पाहू लागतात आणि चार ओळींनंतर त्यांची फसवणूक झाल्याची भावना होते. माझं शिक्षण बी. कॉम. इतिहासाशी संबंध आला तो शाळेतल्या सनावळ्यांपुरता, आणि त्या सनावळ्यांनीही ऐन परीक्षेत दगा दिला. तरी गेल्या उन्हाळ्यात इतिहास आमच्या घरात शिरला तो थेट चिरंजिवांच्या संगणकातून.

चिरंजीव नववीत आहेत. सुट्टीत ते दिवसभर एका परदेशी खेळात परदेशी बस परदेशी रस्त्यावरून चालवत असत. एके दिवशी पाहतो तो बस लाल! आपली एस.टी.! कपाळावर पाटी ‘नारायणगाव–जुन्नर’. मला भरून आलं.

"अरे वा! त्या कंपनीला नारायणगाव माहीत आहे?"

"कंपनीला नाही हो बाबा. कुणीतरी मॉड केलाय."

मॉड म्हणजे काय हे मला समजेपर्यंत दोन वेळा चहा झाला. थोडक्यात असं : खेळ मूळ कंपनीचा, पण त्यात कोणी हौशी माणूस आपल्या मनाने फेरफार करतो. कोणी बसचा रंग बदलतो, कोणी रस्ता बदलतो, कोणी नियमच बदलतो. असे शेकडो फेरफार होतात आणि ते हरवू नयेत म्हणून खेळणारेच एक मोठा साठा जमवतात. प्रत्येक फेरफारावर तो कोणी केला त्याचं नाव. तो खेळाच्या कोणत्या आवृत्तीवर चालतो त्याची नोंद. कोणते दोन फेरफार एकत्र लावले की खेळ बंद पडतो, त्याचीही नोंद.

"आणि हे सगळं बघायला माणसं कोण नेमतं?"

"कुणी नाही. आपापसात चालतं."

"पगार?"

"नाही."

पगार नाही, बढती नाही, बदली नाही, आणि तरी नोंदी चोख! ही गोष्ट मी शाखेत सांगितली नाही. उगाच मॅनेजरसाहेबांच्या कानावर जायची.

"पण हे फेरफार वगैरे आम्ही लहानपणी रोज करायचो," मी म्हणालो.

"तुम्ही? कशावर?"

"मैदानावर."

चिरंजिवांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेतून हा लेख जन्मला आहे.

माझं गाव जुन्नर तालुक्यात आणि आजोळ आंबेगाव तालुक्यात. मे महिन्यात मामाकडे गेलो की पहिल्या दिवशी विटी-दांडू आणि पहिल्याच डावात भांडण. कारण आमच्याकडे विटी दोनदा उडवून मारली की दुप्पट धरत, आणि तिकडे त्याला हसत. आमच्याकडे झेल एका हाताने घेतला तर सगळा संघ बाद, तिकडे फक्त मारणारा. भांडणाची सुरुवात एकाच वाक्याने व्हायची : "आमच्यात असं नसतं!" चिरंजिवांच्या भाषेत सांगायचं तर दोन मॉड एकमेकांशी जुळत नव्हते. खेळ बंद पडायचा तो मात्र खराखुरा, आणि सुरू व्हायचा तो मामीने पन्हं आणल्यावर.

एका बाबतीत मात्र दोन्हीकडे एकमत होतं, ते म्हणजे मोजणी. विटी पडली तिथून गल्लीपर्यंतचं अंतर दांडूने मोजायचं आणि मोजताना म्हणायचं : वकट, लेंड, मुंड, नाल, आर, वेद, झकू. मोजणी ज्या शब्दावर थांबेल त्याप्रमाणे पुढचा टोला. कधी पायावर विटी ठेवून, कधी मुठीवर, तर कधी थेट डोळ्यावर. (डोळ्यावर विटी ठेवून आकाशाकडे बघत उभं राहायचं आणि आई बघत नाही ना याचीही खात्री करायची, याला कसब लागतं.) हे शब्द कुठून आले असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. देवाने दिले असावेत.

उत्तर मिळालं ते बँकेच्या बदली-धोरणामुळे. या धोरणाने देशाचं काही भलं केलं असेल तर ते एवढंच. आमच्या शाखेत करीमनगरकडचे एक अधिकारी आले. मराठी जेमतेम, माणूस लोण्यासारखा. एकदा दुपारी मी शिपायाला विटी-दांडूचे पराक्रम ऐकवत होतो. ‘वकट, लेंड, मुंड, नाल’ ऐकलं आणि साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"हे तर आमचे आकडे! ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु!"

मी खुर्चीतून उठलोच. पुढे विचारलं. ते म्हणाले, "ऐदु, आरु, एडु." म्हणजे पाच, सहा, सात. आता बघा. आपला आर म्हणजे त्यांचा आरु, म्हणजे सहा. तो आपल्याकडे पाचव्या जागी बसलाय. आपला वेद म्हणजे त्यांचा एडु, म्हणजे सात. तो सहाव्या जागी. आणि सातव्या जागी झकू, ज्याच्या आईबापांचा पत्ता नाही. मधला पाच गायब!

कारकुनाच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हे. संध्याकाळी रोकड पाच रुपयांनी कमी भरली तर आम्ही सात वाजेपर्यंत बसतो आणि शेवटी खिशातून भरतो. इथे तेलंगणातून निघालेल्या सात आकड्यांपैकी एक वाटेत पडला, आणि पिढ्यान् पिढ्या एकाही पोराने मेळ तपासला नाही.

मी पाचाच्या शोधात निघालो तो नाणेघाटात पोचलो. जुन्नरहून तासाभराच्या अंतरावर असलेल्या या घाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. यज्ञ केले, दक्षिणा दिली, गाई किती, नाणी किती, सगळं कोरलेलं. म्हणजे तो आमच्याच धंद्यातला कागद, फक्त दगडावर. आपल्या अंकांच्या इतिहासात या लेखाला मोठा मान आहे, कारण त्यात आकडे चिन्हांनी लिहिले आहेत. अभ्यासकांच्या नेहमीच्या तक्त्यात नाणेघाटातले सुटे अंक दिलेले असतात : १, २, ४, ६, ७, ९. तीन नाही, आठ नाही, आणि पाच? पाचही नाही!

वाचकहो, अशा वेळी माणसाचा तोल जातो. सातवाहन आंध्रातही होते आणि जुन्नरातही. शब्द तेलुगू. पाच तिथेही नाही आणि इथेही नाही. म्हणजे विटी-दांडू सातवाहनांनीच आणला! हा शोध मी रात्री अकराला लावला आणि सकाळी सौ.ला सांगितला. ती म्हणाली, "राणीने पाच गाई दिल्या नसतील, म्हणून पाच लिहिला नसेल." मी बराच वेळ गप्प बसलो. लेखात जी दक्षिणा आली तिचे आकडे आले, इतकंच. आणि वकट-लेंड दोन हजार वर्षांपूर्वी आले की कालपरवाच्या एखाद्या गवंड्याबरोबर किंवा वडाराबरोबर, याचा पुरावा माझ्या खिशात नाही. शोध मी मागे घेतला. मात्र खेळांनी या घाटातून प्रवास केला यात शंका नको. नाणेघाटात खडकावर कोरलेले बैठ्या खेळांचे पट सापडले आहेत. कुठे खळग्यांच्या ओळी, कुठे चौकोनात चौकोन. घाटमाथ्यावर तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. जिथे सरकारी पैसे भरायचे तिथे रांग, आणि रांग तिथे रिकामा वेळ. हे मी तुम्हाला पुराव्यानिशी सांगू शकतो, कारण मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसतो.

फेरफार सगळ्यांनीच केले. मोगलांबरोबर ९६ पानांचा गंजिफा आला. आपल्या लोकांनी त्यात दशावतार बसवले आणि पानं केली १२०. सावंतवाडीला तो अजून रंगवतात. आपला मोक्षपट, जो परंपरा ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते, तो इंग्रजांनी उचलला, त्यातला मोक्ष काढून टाकला आणि तिथे १०० हा आकडा ठेवला. आमच्या हेड ऑफिसलाही मोक्षापेक्षा टार्गेट जास्त समजतं.

मग हे फेरफार गेले कुठे? तर ते नियमावल्यांनी खाल्ले. म्हणजे खाल्ले म्हणणंही बरोबर नाही. सामने भरवायचे तर नियम एकच लागतो. पंच एका गावचा आणि संघ दोन गावचे असले की मामीचं पन्हं पुरत नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधले. हुतूतूचे नियम बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली छापले, आणि १९३४ साली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ते नव्याने घडवले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी बर्लिनच्या ऑलिम्पिकला जाऊन देशी खेळ दाखवून आली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदक मिळू लागलं. हे सगळं एक नियम झाल्याशिवाय झालं नसतं. चेकवरच्या दोन सह्या जुळत नसतील तर मीसुद्धा पैसे देत नाही.

पण हुतूतूचे तीन प्रकार होते, ते ऐका. संजीवनी : तुम्ही बाद झालात, पण आपल्या माणसाने समोरचा बाद केला की तुम्ही पुन्हा जिवंत. गामिनी : बाद तो बाद, सगळा संघ संपेपर्यंत बाहेर बसा. अमर : गडी बाद झाला की गुण जातो, पण गडी मैदान सोडत नाही. टीव्हीवर आज दिसते ती संजीवनीची लेक. गामिनी म्हणजे आमची बुडीत कर्जं. आणि अमर म्हणजे मी. वीस वर्षांत कितीदा बाद झालो, मैदान सोडलेलं नाही.

एकाच माणसाने सगळं जमवायचं धाडस केलं होतं. बडोद्याचे द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात व्यायाम ज्ञानकोश काढला, दहा खंड! मधे एक महायुद्ध झालं, देश स्वतंत्र झाला, खंड निघतच राहिले. पण दहा खंडांतही आमच्या मामाच्या आळीचा एका हाताचा झेल मावणार कसा? त्याला आळीतलाच माणूस हवा.

म्हणून मी चिरंजिवांची पद्धत उचलली. घरात एक जुनं लांबडं लेजर कोरं पडलं होतं. त्यात रकाने आखले : खेळ, गाव, नियम, सांगणाऱ्याचं नाव, कशाशी जुळत नाही. शेवटचा रकाना, कुठे चालतो, चिरंजिवांनी सक्तीने घातला. आणि पहिल्या पानावर त्यांनीच लिहिलं : ‘कुणाचाही नियम खोडू नये. खाली आपला लिहावा.’ पेन्शनच्या तारखेला बँकेबाहेरच्या चहाच्या टपरीवर वही ठेवली. पहिल्या दिवशी कोणी हात लावला नाही. दुसऱ्या महिन्यात एका निवृत्त गुरुजींनी सूरपारंब्यांवर दीड पान लिहिलं. त्याखाली दुसऱ्या गुरुजींनी लिहिलं, ‘आमच्यात असं नसतं.’ आणि वही धावू लागली! मग अर्थातच कार्यकारिणी स्थापन करावी असा ठराव आला, अध्यक्षपदाला चार उमेदवार उभे राहिले, आणि शिल्लक शून्य असताना खजिनदार म्हणून माझी एकमताने निवड झाली. कार्यकारिणीची एकच सभा झाली. लगोरीत सात दगड की नऊ, यावर ती उधळली. वहीचं मात्र काही बिघडलं नाही. सातही लिहिले आहेत आणि नऊही.

पोरांनीही लिहिलं. उसाच्या पट्ट्यातल्या एका वाडीवरच्या मुलाने लिहिलंय : ‘क्रिकेट. सूर्य बुडाला की डाव तिथेच संपला, जो पुढे असेल तो जिंकला. बिबट्यामुळे.’ नियम कसा जन्मतो ते या पोराने एका ओळीत सांगितलं. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र पाहायला पाहुणे हौसेने जातात. इथल्या आया मात्र दिवेलागणीला पोरं मोजतात. ती ओळ वाचून टपरीवर कोणी हसलं नाही.

परवा पेन्शनच्या दिवशी एक आबा आले. ऐंशीच्या पुढचे. काठी टेकून वही वाचत उभे राहिले.

"सायेब, आमचा बी एक ल्हून घ्या."

"सांगा आबा. खेळ?"

"इटी-दांडू."

"गाव?"

"आंबेगाव."

मी पेन उचललं आणि थांबलो. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते आंबेगाव विसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे. नाव तेवढं प्रत्येक फॉर्मवर उरलंय. मी ते रोज दहादा लिहितो.

"नियम सांगा."

"आमचं मैदान नदीच्या कडंला. इटी घोडनदीत पडली, तर त्यो टोला मारणाऱ्याचा न्हाई आन् झेलणाऱ्याचा बी न्हाई. त्यो नदीचा. मोजायचा न्हाई. नवी इटी करायची आन् पुढं खेळायचं."

मी लिहून घेतलं. सांगणाऱ्याचं नाव लिहिलं. ‘कशाशी जुळत नाही’ या रकान्यात रेघ मारली. मग शेवटचा रकाना आला.

"आबा, हा नियम कुठे चालतो म्हणून लिहू?"

त्यांनी जरा विचार केला.

"ल्हा आंबेगाव. कंसात जुनं. मे म्हैन्यात, पाणी हटलं तर."