माशी, खाच आणि भोक : नेमबाजीच्या नजरेचा इतिहास

गणपतीचे बारीक डोळे हे सूक्ष्म दृष्टीचे लक्षण, असे आपण कीर्तनातून ऐकत आलो आहोत. बारीक छिद्रातून अधिक स्पष्ट दिसते, हा मात्र नुसता दृष्टांत नाही. चाळिशी लागलेल्यांनी चष्मा काढावा, पोस्टकार्डाला टाचणीने भोक पाडावे आणि भरपूर उजेडात त्यातून वर्तमानपत्र पाहावे. मघाशी पुसट असलेली अक्षरे वाचता येतात. याच साध्या गोष्टीने बंदुकीच्या नेमाचा इतिहास बदलला.

जुन्या बंदुकीच्या नळीच्या टोकाला एक बारीक उंचवटा असे. त्याला आपल्याकडे ‘माशी’ म्हणतात. पुढे नळीच्या मागच्या भागावर खाच आली. खाचेतून माशी पाहायची आणि माशी लक्ष्यावर धरायची. यात अडचण अशी की खाच, माशी आणि लक्ष्य या तीन गोष्टी तीन अंतरांवर असतात आणि डोळा एका वेळी एकच गोष्ट नीट पाहू शकतो. पहिल्या महायुद्धात हिंदी फौजांच्या हाती असलेली आणि बंगालच्या ईशापूर कारखान्यात तयार होणारी ली-एनफील्ड, म्हणजे आपली ‘थ्री-नॉट-थ्री’, अशाच खाचेची होती.

दुसऱ्या महायुद्धातील तिच्या नव्या नमुन्यात, नंबर चार रायफलीत, मागची खाच गेली आणि डोळ्याजवळ भोक आले. भोकातून पाहताना डोळा आपोआप उजेडाच्या मध्याशी स्थिरावतो. मागच्या भागाकडे लक्ष द्यावे लागत नाही. उरतात फक्त माशी आणि लक्ष्य. या रायफलीच्या एका प्रकारात दोन भोके होती. पान आडवे असताना जवळच्या, झटपट नेमासाठी मोठे भोक, आणि पान उभे केले की लांबच्या, अचूक नेमासाठी लहान. घाई असेल तर मोठे आणि सवड असेल तर लहान, असा हा हिशेब.

रायफलीचा इतिहास आपल्या भागाला परका नाही, आणि तो सगळा अभिमानाचाही नाही. शेजारच्या केरामेरी मंडलातील जोडेघाट येथे १९४० साली जल, जंगल, जमिनीसाठी उभे राहिलेले कोमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात साथीदारांसह हुतात्मा झाले. एका बाजूला सरकारी बंदुका आणि दुसऱ्या बाजूला तुटपुंजी हत्यारे होती. नेम अचूक असला म्हणजे बाजू न्यायाची असतेच असे नाही. आज आपल्या जिल्ह्याला नाव आहे ते भीमांचे.

आता तीच विद्या मैदानावर आली आहे. पन्नास मीटर रायफलच्या कागदावर दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे असते. दुर्बीण चालत नाही. मागे भोक आणि पुढे एक कडी, एवढ्यावरच काम. मागचे भोक फिरवून लहानमोठे करता येते. बहुतेक नेमबाज ते एक ते सव्वा मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. मोठे ठेवले तर कडीची धार मऊ दिसते आणि मान किंचित सरकली तरी कळत नाही. फार लहान केले तर चित्र काळवंडते, प्रकाश कडांवर पसरून पुन्हा पुसट होतो आणि डोळा थकतो. म्हणून आधी मोठे ठेवून हळूहळू लहान करावे, धार स्पष्ट झाली की थांबावे आणि किंचित मागे यावे. ढग आला तर पुन्हा पाहावे. दुसऱ्याचे माप आपल्या डोळ्याला चालेलच असे नाही.

अर्जुनाला पक्ष्याचा डोळाच दिसला. रायफल नेमबाजाची नजर मात्र पुढच्या कडीवर असते आणि लक्ष्य थोडे पुसट राहिले तरी चालते. हा संयम मराठी खेळाडूंनी चांगला साधला. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. हैदराबादच्या गगन नारंग यांनी २०१२ साली लंडनमध्ये कांस्यपदक मिळवले. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. पात्रता फेरीत ते ५९० गुणांसह सातवे होते. पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये भारताला मिळालेले हे पहिले ऑलिम्पिक पदक. त्यांच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे याही मराठीच.

स्वप्नील हे एका शिक्षकाचे चिरंजीव. लहान गावातून राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेले आणि तिथे ही वाट सापडली. रायफल महाग असते, गोळ्याही महाग. पण स्थिर हात, शांत श्वास आणि नजर आवरण्याची सवय यांना पैसे पडत नाहीत. वांकिडीच्या वस्तीतल्या आणि आश्रमशाळेतल्या मुलांकडे या गोष्टी कमी नाहीत. कमी आहे ती कोणीतरी त्यांना मैदानापर्यंत नेण्याची. मंडळाच्या वर्गणीतून दरवर्षी एका मुलाचा किंवा मुलीचा निवड चाचणीपर्यंतचा प्रवासखर्च निघाला, तरी बाप्पाच्या सूक्ष्म दृष्टीचा आपण थोडा उपयोग केला असे म्हणता येईल.